हृदयातला वण आणि डाळिंबाची साल: प्राण्यांवरचा पहिला प्रयोग कसा उभा करावा

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की मेलेल्या पेशींच्या जागी नवा स्नायू जवळजवळ येतच नाही. तिथे कोलॅजेनचा वण भरतो. याला रिप्लेसमेंट फायब्रोसिस म्हणतात. शिवाय जिथे पेशी मेलेल्या नाहीत तिथेही तंतूंमधल्या फटींत कोलॅजेनचं जाळं हळूहळू दाट होत जातं, ते इंटरस्टिशियल फायब्रोसिस. दोन्हींमागे पेशी एकच, फायब्रोब्लास्ट. अँजिओटेन्सिन-२ आणि टीजीएफ-बीटा-१ या शरीरातल्या संदेशवाहक रेणूंच्या प्रभावाखाली ती मायोफायब्रोब्लास्ट होते, अल्फा-एसएमए हे प्रथिन बनवू लागते आणि कोलॅजेन सोडत राहते. हृदय ताठरतं, ठोक्यानंतर नीट सैल पडत नाही, विद्युतप्रवाहाची वाट तुटते आणि ठोके बिघडतात. एसीई इनहिबिटर, लोसार्टान, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाब-हृदयविकाराच्या औषधांनी हे काही अंशी आवरतं, पण खास हृदयाच्या फायब्रोसिससाठी मंजूर झालेलं औषध अजून नाही.

वनस्पतीतलं एखादं संयुग हा वण कमी करतं का हे प्राण्यांवर तपासायचं, या विषयात सोलापुरात एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेऊन पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. कामाला लागण्याआधी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा: संयुगाने वण कमी केला, की मुळात इजाच कमी होऊ दिली? हे दोन वेगळे परिणाम आहेत. बहुतेक प्रबंधांत संयुग आधी सुरू करतात, मग हृदयाला इजा करतात, शेवटी कोलॅजेन कमी दिसलं की 'अँटिफायब्रोटिक' असं लिहून मोकळे होतात. पण इजा कमी झाली तर वण कमी होणारच, त्यात फायब्रोब्लास्टला हातही लागलेला नसतो. आणि दवाखान्यात येणारा रुग्ण येतो तेव्हा त्याच्या हृदयात वण झालेला असतो. त्यामुळे संयुग कधी सुरू करायचं हा तुमच्या प्रयोगातला सगळ्यात मोठा निर्णय आहे.

संयुग निवडणं

आपल्याकडे डाळिंब हा सरळ पर्याय आहे. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे. फळाच्या सालीत प्युनिकालॅजिन असतं, ते फुटून इलॅजिक अॅसिड तयार होतं, आणि इलॅजिक अॅसिडवर हृदयाच्या संदर्भात आधीच बरंच काम झालेलं आहे. नवख्याला हे बरं पडतं, कारण डोसचा अंदाज साहित्यातून मिळतो.

साल आणायची तर रसाच्या गाड्यावरून पिशवी भरून आणू नका. ती कुठल्या बागेची, कुठल्या वाणाची, कधी तोडलेली, काहीच कळत नाही. सांगोला किंवा पंढरपूर भागातला एखादा ओळखीचा बागायतदार गाठा. भगवा वाण आहे ना ते विचारा, फळ मृग बहराचं की हस्त की आंबे बहराचं ते लेबलवर लिहा, आणि शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा झाली याची नोंद घ्या. तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी बागेत बोर्डो मिश्रणासारखी तांब्याची औषधं मारतात, आणि स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविकही मारत आले आहेत. साल हाच फळाचा बाहेरचा भाग, म्हणजे ते सगळं सालीवरच बसतं. उद्या रॅटच्या यकृतावर काही दिसलं तर ते संयुगाचं की तांब्याचं, हे सांगता आलं पाहिजे. फांदीचा नमुना दाबून वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या, तो नोंदणी क्रमांक प्रबंधात लागतो.

अर्क आणि संयुग यांत घोळ करू नका. अर्कात अनेक घटक असतात, संयुग म्हणजे एकच शुद्ध पदार्थ. विषय 'संयुग' असा असेल तर एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, शुद्धता दाखवावी लागेल. स्वतः वेगळं काढण्यात एक सत्र जाऊ शकतं. माझं मत विचाराल तर सालीचा अर्क तुम्ही बनवा, प्रमाण ठरवा, पण प्राण्यांना द्यायचं शुद्ध इलॅजिक अॅसिड शुद्धतेच्या प्रमाणपत्रासह विकत घ्या. किती लागेल याचा हिशेब आधीच करा (गटांचा आराखडा पुढे येतो). २०० ग्रॅमच्या रॅटला ५० मि.ग्रॅ. प्रतिकिलो म्हणजे रोज १० मि.ग्रॅ. आठ रॅट्सना ४२ दिवस द्यायचं तर ३.३६ ग्रॅम, आणखी आठांना २८ दिवस तर २.२४ ग्रॅम. रॅट्सचं वजन वाढत जातं, थोडं सांडतं, म्हणून सात ग्रॅम धरा. अर्ध्यात माल संपून दुसऱ्या बॅचचा आणावा लागला तर तुलनाच डळमळते.

इलॅजिक अॅसिड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिनमध्ये रूपांतर करतात, आणि रक्तात पोचतं त्यातला मोठा वाटा युरोलिथिनांचा असतो. म्हणून मध्येच प्राण्यांना प्रतिजैविक दिलं गेलं तर परिणाम बदलू शकतो. अॅनिमल हाऊसच्या माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

पेटंटचा विचार मनात असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ आधी वाचा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया काय ते मार्गदर्शकांना विचारा.

परवानगी

प्राण्याला हात लावण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, म्हणजे आयएईसीची, लेखी मंजुरी हवी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ चे. वर देखरेख करणारी केंद्रीय समिती सीसीएसईए, जिला जुनी माणसं अजून सीपीसीएसईए म्हणतात. अर्ज फॉर्म बी मध्ये करायचा. समितीत पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक सदस्य असतो आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. बैठक रोज भरत नाही. विषय ठरला की लगेच अर्ज लिहायला घ्या.

समिती विचारते ते रास्तच असतं: प्राण्यांशिवाय हे का होणार नाही, इतकेच प्राणी का, त्यांना वेदना कमी कशा होतील. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली ही त्रिसूत्री. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की काही भाग प्राण्यांशिवाय होतो. उंदराच्या हृदयातले फायब्रोब्लास्ट काचपात्रात वाढवून त्यांना टीजीएफ-बीटा-१ देऊन संयुग अल्फा-एसएमए खाली आणतं का, हे आधी पाहता येतं. तिथेच काही दिसलं नाही तर पन्नास प्राणी वाचतात. यात एक चूक वारंवार दिसते: एच९सी२ पेशी वापरून फायब्रोसिसबद्दल बोलणं. त्या स्नायूपेशींच्या वंशाच्या आहेत, फायब्रोब्लास्ट नव्हेत.

'प्रत्येक गटात सहा' ही संख्या केवळ प्रथा म्हणून लिहू नका. आधीच्या एखाद्या प्रयोगातल्या कोलॅजेनच्या टक्केवारीची सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) घ्या, किती फरक तुम्हाला अर्थपूर्ण वाटतो ते ठरवा आणि जीपॉवरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संख्या काढा. खाली मी आठ धरले आहेत ते केवळ उदाहरणासाठी.

सोलापूरचा उन्हाळा

हा मुद्दा पुस्तकांत सापडत नाही. प्राण्यांच्या खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि दुपारी वीज गेली की खोली भराभर तापते. गरमीत रॅट खात नाही, वजन उतरतं, नाडी बदलते. तुम्ही मोजणार हृदयच, म्हणजे एका तापलेल्या आठवड्याने सगळ्या नोंदी बिघडतात. मंजुरी जूनच्या आसपास हातात येईल असं बघा आणि डोसिंग पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात बसवा. उन्हाळा टळत नसेल तर एसीला जनरेटरची जोड आहे का हे स्वतः पाहा, आणि खोलीत कमाल-किमान तापमापी लावून रोज दोनदा वाचन लिहा. पिण्याच्या पाण्याचंही तसंच. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा प्राण्यांसाठी गाळलेल्या पाण्याचा वेगळा साठा ठेवावा लागतो. टँकर बदलला की पाणी बदलतं.

नोंदणीकृत प्रजनन केंद्राकडून पुण्याहून विस्टार रॅट्स मागवलेत तर गाडी रात्री निघेल असं ठरवा. अडीचशे किलोमीटरचा प्रवास दुपारच्या उन्हात त्यांना झेपत नाही. आल्यावर निदान एक आठवडा त्यांना काहीही करू नका. या आठवड्यात रोज हातात घ्या, वजन करा, तुमच्या हाताची सवय होऊ द्या. घाबरलेल्या रॅटच्या अंगात कॅटेकोलामाइन्स, म्हणजे अॅड्रेनलिनसारखी ताणाची रसायनं, वाढतात, आणि हृदयाला इजा करण्याचं तुमचं मॉडेलच कॅटेकोलामाइनचं आहे.

शेपटीवर खुणेसाठी पिकरिक अॅसिड वापरत असाल तर बाटलीकडे लक्ष ठेवा. ते सुकलं की स्फोटक होतं. उन्हाळ्यात बाटली आटते आणि झाकणाच्या आट्यांत पिवळे कण जमतात. असं झाकण फिरवू नका. बाटली न हलवता प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलवा.

मॉडेल आणि गट

नवख्याला आयसोप्रोटेरेनॉल हे कृत्रिम कॅटेकोलामाइन सोयीचं. शस्त्रक्रिया नाही, पंप नाही. ८५ मि.ग्रॅ. प्रतिकिलोचे २४ तासांच्या अंतराने दोन डोस दिले तर तीव्र इजा होते, हे इन्फार्क्शनचं, म्हणजे हार्ट अटॅकसारख्या इजेचं, मॉडेल. फायब्रोसिससाठी लहान डोस जास्त दिवस, साधारण ५ मि.ग्रॅ. प्रतिकिलो त्वचेखाली रोज, १४ दिवस. सलाइनमध्ये ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. द्रावण केलं तर वजनाच्या दर १०० ग्रॅमला ०.१ मि.लि. बसतं. द्रावण रोज ताजं, अंबर रंगाच्या बाटलीत, बर्फावर. ठेवलेलं द्रावण गुलाबी पडतं, तो ऑक्सिडेशनचा रंग. गुलाबी द्रावण दिलंत तर त्या दिवशी नेमका किती डोस गेला हे सांगता येणार नाही.

आता गट. नेहमीच्या आराखड्यात संयुगाचे दोन किंवा तीन डोस असतात आणि वेळ एकच. मी सुचवेन त्याच्या उलट: डोस एक, वेळा दोन. पहिला गट निरोगी, त्याला सलाइन आणि वाहक, म्हणजे संयुग ज्यात मिसळतात ते नुसतं द्रावण. दुसऱ्याला १४ दिवस आयसोप्रोटेरेनॉल, आणि पंधराव्या दिवशीच त्याचं हृदय काढायचं. उपचार सुरू होताना वण किती होता हे त्यावरून कळतं. तेच १४ दिवस तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांना. तिसऱ्याला त्यानंतर २८ दिवस फक्त वाहक. चौथ्याला पंधराव्या दिवसापासून तुलनेसाठी लोसार्टान १० मि.ग्रॅ. प्रतिकिलो. पाचव्याला पंधराव्या दिवसापासून २८ दिवस संयुग. सहाव्याला पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत, म्हणजे ४२ दिवस संयुग. पाचवा आणि सहावा गट शेजारी ठेवले की पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. फक्त सहाव्यात कोलॅजेन कमी आणि पाचव्यात तिसऱ्याइतकंच असेल, तर संयुगाने इजा रोखली, वणाचं काहीच केलं नाही. दुसरा गट गाळायचा मोह होतो, कारण आठ प्राणी वाचतात. पण आयसोप्रोटेरेनॉल थांबवल्यावर काही बदल आपोआपही ओसरतात, आणि तो गट नसेल तर आपोआप किती ओसरलं आणि संयुगाने झालेला वण खरंच कमी केला का, हे सांगता येणार नाही.

आणखी एक तपासणी स्वस्त आहे आणि फारच थोडे जण करतात. संयुग घेतलेल्या रॅटला आयसोप्रोटेरेनॉल दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ईसीजी घ्या. नाडी नेहमीसारखी चढली नाही तर तुमचं संयुग बीटा-ब्लॉकरसारखं (अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणाऱ्या औषधासारखं) वागतंय आणि इजेला मुळातच अडवतंय. पहिल्या डोसनंतर शेपटीच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) पाहिलं तर हेच आणखी पक्कं होतं.

प्राणी गटांत वाटताना रँडम क्रमांक वापरा. पिंजऱ्यात हात घालून जो हाताला लागेल तो, असं केलं की आधी हाती लागणारे सुस्त प्राणी पहिल्या गटात जातात. शक्य असेल तर नर आणि माद्या दोन्ही घ्या.

डोस कुठून आणायचा

संयुग नवं असेल तर ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शक तत्त्वाप्रमाणे तीव्र विषारीपणाची चाचणी: प्रत्येक पायरीला तीन प्राणी, ५, ५०, ३०० किंवा २००० मि.ग्रॅ. प्रतिकिलोपासून सुरुवात, १४ दिवस निरीक्षण. साहित्यात ती माहिती भक्कम असेल तर पुन्हा प्राणी वापरू नका, संदर्भ द्या.

मग डोस माणसासाठी किती होतो ते ताडून पाहा. रॅटचा डोस ६ ने गुणून ३७ ने भागायचा. १०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो म्हणजे माणसाला सुमारे १६ मि.ग्रॅ. प्रतिकिलो, ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ९७० मि.ग्रॅ. ४०० मि.ग्रॅ. प्रतिकिलोचा डोस कागदावर सोपा वाटतो, पण तो माणसाला पावणेचार ग्रॅमच्या पुढे जातो. असा परिणाम मिळाला तरी तो पुढे कुणाच्या उपयोगी पडणं कठीण.

रोजचं डोसिंग

इलॅजिक अॅसिड ०.५ टक्के सोडियम सीएमसीमध्ये घोटून घ्या. दर किलोला ५ मि.लि. धरलं तर २०० ग्रॅमच्या रॅटला १ मि.लि. पडतं. कण तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलवा. नाहीतर पहिल्या रॅटला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. गॅव्हाजच्या, म्हणजे तोंडातून थेट जठरात औषध सोडण्याच्या, सुईचं टोक गोल असतं. ती तोंडाच्या कडेने सरकवायची, जोर लावायचा नाही. सुई अडली किंवा रॅट गुदमरल्यासारखा झाला की लगेच बाहेर काढा, ती श्वासनलिकेकडे गेलेली असू शकते. आधी नुसतं पाणी देऊन अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिका. वेळ रोज एकच ठेवा, आणि वजन करून मगच डोस काढा.

डोळ्यांभोवती, नाकाशी तांबूस पापुद्रा दिसला तर ते रक्त नसतं. ते पॉर्फिरिन, रॅटवर ताण आल्याची खूण. वजन २० टक्क्यांनी उतरलं, श्वास लागला, अंग चाटणं थांबलं, तर त्या प्राण्याला पुढे ताणू नये. कुठल्या टप्प्यावर प्रयोग थांबवून वेदनारहित मरण द्यायचं हे अर्जात आधीच लिहिलेलं असतं, ते पाळा. मेलेला प्रत्येक प्राणी गटासकट नोंदवा.

हृदय बाहेर आल्यावर

शेवटच्या दिवशी दोन माणसं लागतात, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. साधन असेल तर त्याआधी इकोकार्डिओग्राफी किंवा डाव्या कप्प्यातला दाब मोजून घ्या. ताठरपणा तिथेच कळतो. हृदय थंड सलाइनमध्ये धुवा, आतलं रक्त पिळून काढा, टिपकागदावर टिपा, मग वजन. हे शरीराच्या वजनाशी ताडण्यापेक्षा टिबिया, म्हणजे नडगीच्या हाडाच्या लांबीशी ताडा. आजारी रॅटचं वजन घटतं आणि गुणोत्तर फुगतं, हाड तसंच राहतं.

आता तुकडे. आयसोप्रोटेरेनॉलची इजा हृदयाच्या टोकाकडे आणि आतल्या अस्तराखाली जास्त असते. एका प्राण्याचं टोक रंगवायला गेलं आणि दुसऱ्याचा मधला भाग, तर तुम्ही प्राणी नाही, जागा मोजताय. नियम ठरवा: पॅपिलरी स्नायूंच्या पातळीवरची आडवी चकती तिच्या दहापट आकारमानाच्या, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ ते ४८ तास, आणि बाकीचा भाग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला.

गावातल्या पॅथॉलॉजी लॅब रोज एच अँड ई हा नेहमीचा रंग वापरतात. मॅसन ट्रायक्रोम किंवा पिक्रोसिरियस रेड हे कोलॅजेन दाखवणारे रंग क्वचितच. महिनाभर आधी विचारून ठेवा. ट्रायक्रोममध्ये कोलॅजेन निळं, स्नायू लाल. पिक्रोसिरियसमध्ये कोलॅजेन लाल, स्नायू पिवळा. सगळ्या गटांच्या स्लाइड्स एकाच बॅचमध्ये रंगवून घ्या, कारण रंगाची खोली दर खेपेला बदलते, आणि सोबत शेपटीच्या स्नायुबंधाचा एक काप ठेवा, जिथे रंग यायलाच हवा. स्लाइडवर गटाचं नाव नको, कोड हवा. कोडची यादी मोजणाऱ्याच्या हाती नको. मोजणी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये, रंगाच्या एकाच थ्रेशोल्डने. रक्तवाहिनीभोवतीचं कोलॅजेन वेगळं मोजा. ते निरोगी हृदयातही असतं.

रंगावर सगळं सोडू नका. हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे कोलॅजेनमध्ये भरपूर असणारं अमिनो आम्ल, मोजा. वाळवलेला ऊतक ६ एन हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना रात्रभर, घट्ट बंद नळीत. मग उदासीन करून क्लोरामाइन-टी, त्यानंतर एर्लिच अभिकर्मक, आणि ५५० ते ५६० नॅनोमीटरला वाचन. क्लोरामाइन-टी ताजी करा, जुन्या बाटलीने स्टँडर्ड कर्व्ह वाकडी येते. निधी उरला तर टीजीएफ-बीटा-१ चं एलायझा आणि अल्फा-एसएमएची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, या क्रमाने.

आकडे

एका हृदयातले वीस फोटो म्हणजे वीस प्राणी नव्हेत. वीस क्षेत्रांची सरासरी हा एक आकडा, आणि गटात असे आठ. हे चुकलं की पी-व्हॅल्यू खोटी छान येते. आधी वन-वे अनोव्हा, म्हणजे सगळ्या गटांतला फरक एकत्र तपासणारी चाचणी, मग तिसऱ्या गटाशी तुलना करणारी डनेट चाचणी. एसईएमऐवजी (सरासरीतल्या अनिश्चिततेच्या मापाऐवजी) एसडी दाखवा आणि शक्य असेल तर प्रत्येक प्राण्याचा ठिपका आलेखावर टाका. प्राण्यांवरचे प्रयोग कसे नोंदवावेत हे सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांची २०२० ची आवृत्ती समोर ठेवून पद्धतीचा भाग लिहा. रँडम वाटप, कोड, वगळलेले प्राणी, सगळ्याला तिथे जागा आहे.

पाचव्या गटात काही फरक आला नाही तर तसंच लिहा: "इजा होण्याआधी दिल्यास कोलॅजेन कमी, वण झाल्यावर दिल्यास परिणाम आढळला नाही." परीक्षकांसमोर या वाक्याच्या पाठीशी उभे राहा, कारण डाळिंबाच्या सालीवर पुढच्या वर्षी काम करणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक असायला हवं. पॅराफिनचे ब्लॉक, कोडची यादी आणि मूळ फोटो विभागाच्या कपाटात तारखेसह ठेवा, म्हणजे त्याला नवे प्राणी न मागता तेच ब्लॉक कापून अल्फा-एसएमए बघता येईल.